गुरुवारी जाणार

"तुमच्या ट्रेनीने पेशंटला मरणाचा वार सांगितलाय," डॉ. सेनगुप्ता फोनवर म्हणाल्या. "गुरुवार. ताबडतोब माझ्या केबिनमध्ये या."

त्या आमच्या हॉस्पिटलच्या मेडिकल सुपरिंटेंडेंट. शब्द जपून वापरणाऱ्या बाई. मी हातातला चहा तसाच ठेवला आणि जिना चढलो.

मी कोलकात्याच्या त्या हॉस्पिटलात चॅप्लिन होतो. चॅप्लिन म्हणजे हॉस्पिटलचा पाळक. फार पूर्वी मिशनने सुरू केलेलं हॉस्पिटल, म्हणून ही जागा अजून टिकून होती. कामाचं स्वरूप सांगायला सोपं आहे. पेशंटजवळ बसायचं. तो बोलला तर ऐकायचं. त्याने मागितली तरच प्रार्थना करायची. दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. कोणाच्या धर्मात हात घालायचा नाही, आणि डॉक्टरांच्या कामात तोंड घालायचं नाही. आजाराची बातमी चांगली असो की वाईट, ती आम्ही देत नाही. डॉक्टर देतात, नाहीतर घरचे देतात.

शिवाय माझ्याकडे पाळक होऊ घातलेली मुलंमुली शिकायला असत. आमच्या चर्चमध्ये नुसती थिऑलॉजीची डिग्री घेऊन कोणी पाळक होत नाही. डिग्रीच्या शेवटी हॉस्पिटलमध्ये प्लेसमेंट असते, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं शिक्षण. मग सुपरवायझरचा अभिप्राय, मग बोर्डाची मुलाखत. हे सगळं पार पडलं की बिशप भर उपासनेत उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवतात. त्याला ऑर्डिनेशन म्हणतात. आपण दीक्षा म्हणतो. त्यानंतर तो माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, लग्न लावू शकतो, प्रभुभोजनाची भाकर मोडू शकतो. त्याआधी त्याला यातलं काहीही करता येत नाही.

त्या वर्षी माझ्याकडे रिबेका जाधव होती. वडील मूळचे सोलापूरकडचे, रेल्वेत नोकरीला म्हणून खरगपूरला आले आणि तिकडचेच झाले. आई बंगाली. रिबेका शाळा-कॉलेज सगळं बंगाली आणि इंग्रजीत शिकलेली. मराठी फक्त वडिलांशी बोलायची, तीही अर्धीमुर्धी. बंगालीत क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे ती 'मी गेलो, मी आलो' असंच म्हणायची. मला त्याचं हसू यायचं आणि बरंही वाटायचं. नगर सोडून मला इतकी वर्षं झाली होती की मोडकीतोडकी का होईना, वॉर्डात मराठी कानावर पडली की मी थांबून ऐकत असे.

मुलगी अबोल होती, पण पेशंटजवळ बसणं तिला जन्मतःच यायचं. हे शिकवता येत नाही. बहुतेक मुलं पहिल्या आठवड्यात पलंगाशी उभी राहून छोटं प्रवचन देतात. ही स्टूल ओढायची, बसायची आणि गप्प राहायची. थोड्या वेळाने पेशंट आपणहून बोलायला लागायचा. तिची प्लेसमेंट संपत आली होती. माझा अभिप्राय मनात तयार होता. दीक्षेचा रविवारही ठरला होता. वडिलांनी एस्प्लनेडजवळच्या एका शिंप्याकडे तिच्या पांढऱ्या झग्याचं माप देऊन ठेवलं होतं.

डॉ. सेनगुप्तांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"मिसेस पाटणकर. फीमेल सर्जिकल वॉर्ड. कॅन्सर आहे, पोटभर पसरलेला. घरच्यांनी बाईंना सांगितलेलं नाही आणि आम्हीही सांगू नये असं त्यांनी लिहून दिलंय. आज सकाळी बाईंनी मुलाला विचारलं, मी गुरुवारी गेल्यावर तू मला कुठे नेणार? मुलगा माझ्यासमोर रडला. बँकेतला सीनियर ऑफिसर आहे तो."

"रिबेकाने असं सांगितलं, हे कोण म्हणतं?"

"पेशंट स्वतः. 'त्या तुमच्या मुलीनं सांगितलं' म्हणाल्या. आणि ऐका, आज ही तक्रार आहे. उद्या कोणी म्हणालं की हे लोक मरणाची भीती दाखवून बायकांना ख्रिश्चन करतात, तर मी कुठे तोंड दाखवू?"

मी म्हणालो, आधी मला पेशंटला भेटू द्या.

सुमतीबाई पाटणकर खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. वाईच्या. मुलाची कोलकात्याला बदली झाली तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या. सॉल्ट लेकला बँकेच्या क्वार्टर्समध्ये राहायच्या. हिंदी यथातथा, बंगाली नाहीच. सिस्टर काय म्हणतात हे त्यांना हातवाऱ्यांवरून कळायचं. म्हणूनच तर मी रिबेकाला त्यांच्याकडे पाठवलं होतं.

मी मराठीत नमस्कार केला तेव्हा त्यांनी मान वळवून नीट बघितलं.

"तुम्ही कुठले?"

"नगरचा. गायकवाड माझं नाव."

"गायकवाड? आणि पाद्री?"

"आजोबांपासून आहोत आम्ही."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "बसा. माझा मुलगा त्या पोरीवर चिडलाय म्हणे. त्याला सांगा, चिडू नकोस. या एवढ्या इमारतीत तिच्याशिवाय कोणी माझ्याशी खरं बोललं नाही."

"काय म्हणाली ती?"

"मी विचारलं, बाई गं, मी आता जाणार का? ती म्हणाली, हो आजी, गुरुवारी. मी म्हटलं, नक्की? ती म्हणाली, नक्की, डॉक्टर बोलले. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, तिथे तुम्हाला बरं वाटेल."

गुरुवारी त्यांना डिस्चार्ज होता. ऑपरेशन करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वेदनेची औषधं देऊन घरी पाठवायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. रिबेकाला ते माहीत होतं. 'जाणार का' याचा तिने घेतलेला अर्थ होता घरी जाणार का. मराठी घरात वाढलेल्या माणसाला, म्हाताऱ्या बाईने अंथरुणावरून विचारलेलं 'जाणार' म्हणजे काय ते आवाजावरूनच समजलं असतं. रिबेकाला समजलं नाही.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"रात्रभर वाटली. मग सकाळी जरा हलकं वाटलं. इतके दिवस सगळे नुसते हसून बघतात हो. सून हसते, मुलगा हसतो, डॉक्टर हसतात. पित्ताशयाला सूज आहे म्हणतात. सुजेनं कोणी इतकं वाळतं का? आता मला निदान बोलता तरी येईल." त्या थांबल्या. "मला इथलं घाट-बिट नको. मला कृष्णेवर न्यायला सांगा. निदान अस्थी तरी. तो माझं ऐकत नाही, रडतो नुसता."

मी त्यांना दुरुस्त केलं नाही. तो माझा अधिकार नव्हता. 'आजी, ती घरी जायचं म्हणत होती' एवढं सांगितलं असतं, तर त्यांचा पुढचा प्रश्न काय असेल हे मला ठाऊक होतं.

रिबेका माझ्या खोलीत वाट बघत होती. तिला कोणीतरी तक्रारीचं सांगितलं होतं, पण नेमकं काय ते नाही. मी सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "सर, मी घरी जायचं समजलो."

"माहीत आहे मला."

"त्यांनी माझा हात किती घट्ट धरला होता. मला वाटलं, घरी जायचा आनंद झाला. रात्रभर त्या... सर, मी आत्ता जाऊन सांगतो त्यांना."

"थांब. आधी मुलाशी बोलू दे मला."

अनिल पाटणकर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, डोळे सुजलेले. मी मराठी आहे हे कळल्यावर तो जास्तच दुखावला.

"तुम्ही तर आपल्याकडचे. तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

मी त्याला गैरसमज कसा झाला ते सांगितलं. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग त्याने मान मागे टाकली आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता मिटेल सगळं.

"माझ्या वडिलांना आम्ही खरं सांगितलं होतं," तो म्हणाला. "साताऱ्याच्या डॉक्टरांनी आग्रह केला म्हणून. त्याच दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. नंतर आमच्याकडे वळून बघितलंच नाही. आईच्या बाबतीत मला ते नको होतं. एवढंच."

"समजतं मला."

"मग एक करा. त्या मुलीलाच आईकडे घेऊन या. झालेली चूक तिने आईला सांगू दे. घरी जायचं म्हणत होते, बाकी काही नाही, असं. आई तिच्यावर विश्वास ठेवते. तिने सांगितलं की तक्रार मी मागे घेतो. मला कोणाचं वाईट करायचं नाही."

"गैरसमज ती दूर करेल," मी म्हणालो. "पण आजाराबद्दल ती काहीही बोलणार नाही. चांगलंही नाही. ते आमच्या कामात बसत नाही."

"तेवढं पुरे आहे," तो म्हणाला.

हे सगळं मी रिबेकाला जसंच्या तसं सांगितलं. ती लगेच तयार झाली. चूक तिची होती आणि ती दुरुस्त करायची होती. तिने वाक्यं नीट मराठीत कशी म्हणायची ते माझ्याकडून समजून घेतलं. 'मी घरी जायचं म्हणत होते.' 'म्हणत होते,' दोन-तीनदा घोकलं. यावेळी भाषेत चूक होऊ नये, एवढीच तिला काळजी होती.

आम्ही वॉर्डात गेलो. अनिल पलंगाच्या पायाशी उभा होता. रिबेका नेहमीप्रमाणे स्टुलावर बसली.

"आजी, काल माझी चूक झाली. तुम्ही विचारलं जाणार का, मला वाटलं घरी. गुरुवारी तुम्ही घरी जाणार आहात. सॉल्ट लेकला. मी ते म्हणत होते. मला माफ करा."

सुमतीबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या हसल्या. चांगलं मोकळं हसल्या. "अगं बाई. आणि मी इकडे सगळी बांधाबांध करून बसले." अनिलही हसला.

मग त्यांनी रिबेकाचा हात धरला. "म्हणजे मी बरी होणार ना गं?"

शेजारच्या पलंगावरची बाई कोणाशी तरी मोबाइलवर बोलत होती. तेवढाच आवाज होता. अनिल रिबेकाकडे बघत होता. तिला मानही हलवायची गरज नव्हती. ती नुसती हसली असती तरी चाललं असतं.

रिबेका म्हणाली, "आजी, ते मी सांगू शकत नाही. तुम्ही दादांना विचारा."

सुमतीबाईंनी मुलाकडे बघितलं.

"होणार ना, आई," अनिल म्हणाला. "म्हणजे काय? होणारच."

त्या त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग पुन्हा रिबेकाकडे वळल्या. तिने मान खाली घातली नव्हती. "बरं," त्या म्हणाल्या आणि हात सोडून दिला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये अनिलने तिला गाठलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"एक शब्द होता. 'हो'. तुमचं काय जात होतं?"

"दादा, त्या मला विचारत होत्या."

"आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. खोटं बोलायचं काम माझ्यावर टाकलंत."

तो माझ्याकडे वळला. "यांना पाद्री व्हायचंय ना? परीक्षा द्यायला माझीच आई सापडली का?"

तक्रार मागे घेतली गेली नाही. उलट तिची एक प्रत बिशपच्या ऑफिसला गेली. त्या माणसाला मी आजही वाईट म्हणणार नाही. आईच्या पायाशी उभं राहून त्याला जे करावं लागलं, त्याचा राग कुठेतरी जाणारच होता.

रिबेकाने नियमाबाहेर काय केलं, असं कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, काहीच नाही. पेशंटने आजाराबद्दल विचारलं तर घरच्यांकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवायचं, हेच मी पहिल्या दिवशी सगळ्यांना शिकवतो. तिने शिकवल्याप्रमाणे केलं. बोर्डासमोर मी हेच लिहून दिलं आणि तोंडीही सांगितलं.

बोर्डाचे अध्यक्ष एक ज्येष्ठ पाळक होते. मी त्यांना बिस्वास म्हणतो. खरं नाव वेगळं. शांत, अनुभवी माणूस. आयुष्यभर मोठमोठ्या मंडळ्या सांभाळलेला. मंडळी म्हणजे एका चर्चची सगळी कुटुंबं.

"मुलीची चूक नाही म्हणता," ते मला म्हणाले.

"पहिली भाषेची चूक होती. दुसऱ्यांदा चूक नव्हती."

"पण कुटुंब दुखावलं."

"हो."

"हॉस्पिटल दुखावलं."

"हो."

"गायकवाड, पाळकाला रोज अशा खोल्यांमध्ये उभं राहावं लागतं. तिथून सगळ्यांना बरोबर घेऊन बाहेर पडता आलं पाहिजे. त्याला आपण पास्टोरल टॅक्ट म्हणतो. तुम्हीच शिकवता ना ते?"

मी शिकवतो, हे खरं होतं.

मग रिबेकाला आत बोलावलं. तिने तो दिवस थोडक्यात सांगितला, स्वतःची बाजू न मांडता. बिस्वासांनी शेवटी विचारलं, "पुन्हा अशी वेळ आली तर काय कराल?"

उमेदवारांना या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर माहीत असतं. 'मी सुपरवायझरचा सल्ला घेईन.' तेवढं म्हटलं की सुटका होते. मी मनातल्या मनात तिला तेच म्हणायला सांगत होतो.

"पहिल्या दिवशी नीट ऐकेन," ती म्हणाली. "बाकी तेच करेन."

बोर्डाने तिला नाकारलं नाही. बोर्ड सहसा कोणाला नाकारत नाही. त्यांचा शब्द आहे 'डिफर', म्हणजे पुढे ढकलणं. एक वर्ष एखाद्या मंडळीत काम करावं, वरिष्ठ पाळकाच्या हाताखाली लोकांशी वागणं शिकावं, मग पुन्हा यावं. दीक्षेच्या रविवारी तिच्याबरोबरच्या तिघांची दीक्षा झाली. रिबेका त्या उपासनेला आली होती, वडिलांबरोबर, मागच्या बाकावर. वडिलांनी मला 'रेव्हरंडसाहेब, नमस्कार' म्हटलं, तब्येत विचारली, आणखी काही विचारलं नाही. झगा शिंप्याकडून आणला की नाही, ते मला विचारवलं नाही.

त्यानंतर काही दिवसांतच डॉ. सेनगुप्तांनी मला बोलावलं. यावेळी बसायला सांगितलं, चहाही मागवला. तेव्हाच मला अंदाज आला. वॉर्डात यापुढे विद्यार्थी नकोत, असं मॅनेजमेंटने ठरवलं होतं. "तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येक ट्रेनीमागे तुम्ही उभे राहू शकत नाही." हेही खरं होतं. थिऑलॉजी कॉलेजने मग प्लेसमेंट एका अनाथालयात हलवली. तिथे कोणी मरणाबद्दल विचारत नाही. मी पुढे निवृत्त होईपर्यंत एकटाच वॉर्डात फिरलो.

सुमतीबाई गुरुवारी ठरल्याप्रमाणे घरी गेल्या. पुढचं मला त्यांची सून मेधा हिच्याकडून कळलं. कोलकात्यात आपली माणसं मोजकी. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना मी जातो, दोन तास मराठी ऐकायला मिळते म्हणून. तिथे चहाच्या टेबलाशी ती स्वतःहून माझ्याजवळ आली.

"आई गेल्या," ती म्हणाली. "दिवाळीआधीच. तुम्हाला कळवायचं राहिलं."

"त्रास झाला का फार?"

"औषधं होती. त्रास तसा नाही." तिने कप बशीत ठेवला. "घरी आल्यावर त्या काही बोलल्याच नाहीत हो. म्हणजे बोलायच्या, भाजी काय केली, पाणी आलं का, असं. पण ते नाही. आम्ही विचारलं नाही, त्यांनी विचारलं नाही. आम्ही रोज म्हणायचो, पुढच्या महिन्यात वाईला जाऊ. त्या हो म्हणायच्या. एकदा मला म्हणाल्या, ती पोरगी येईल का एखाद्या दिवशी? मी ह्यांना विचारलं. हे नको म्हणाले."

"आणि नंतर? नेलं त्यांना वाईला?"

"निमतल्याच्या स्मशानघाटावर केलं सगळं. अस्थी इथेच गंगेत सोडल्या. कृष्णेवर न्या, असं त्या हॉस्पिटलात म्हणाल्या होत्या. पण ते म्हणे त्या भीतीने बोलल्या होत्या, तो गैरसमज झाला होता ना, तेव्हा. आणि हे म्हणाले, गंगा कृष्णेपेक्षा मोठीच आहे." तिने माझ्याकडे बघितलं, मी काही म्हणेन म्हणून. मी कप खाली ठेवला आणि निरोप घेतला.

बागबाजारच्या घरी परतताना मी मेट्रोऐवजी बसने गेलो, उगाचच लांबचा रस्ता धरून. त्या बाईंना घर मिळालं, मुलगा जवळ होता, औषध होतं. हॉस्पिटलात त्यांना मोकळेपणाने बोलता आलं ते मात्र एका चुकीमुळे, आणि तेही जेमतेम एक दिवस. ती चूक आम्ही सगळ्यांनी मिळून दुरुस्त केली.

आता रिबेकाबद्दल. बोर्डाने सांगितल्याप्रमाणे तिने एक वर्ष दक्षिणेकडच्या एका मंडळीत काम केलं. संडे स्कूल घेतलं, महिला मंडळाचं बघितलं, वरिष्ठ पाळकांच्या मागे पुस्तकं घेऊन उभी राहिली. पुन्हा मुलाखतीला गेली. त्या वर्षी बोर्डात नवे लोक होते. त्यांच्यासमोर जुनी तक्रार होती, आणि ती नक्की कशाची होती हे माहीत असणारे बिस्वास नव्हते. त्यांनी पुन्हा एक वर्ष पुढे ढकललं. तिसऱ्या वेळी तिने अर्जच केला नाही.

मागच्या महिन्यात मी तिला भेटलो. ती सॉल्ट लेकमधल्या एका शाळेत शिकवते. लहान मुलांना इंग्रजी आणि मोरल सायन्स. तिची मराठी आता बरीच सुधारलीय. 'मी गेले, मी आले' म्हणते. मुद्दाम शिकले, म्हणाली.

"हॉस्पिटलात जातेस का कधी?" मी विचारलं. "नुसतं भेटायला? हल्ली घरी जाऊन पेशंटची देखभाल करणारे बरेच गट आहेत. त्यांना माणसं हवी असतात. दीक्षा लागत नाही त्याला."

"नाही सर."

"का?"

"एकदा गेले होते. शेजारच्या काकू होत्या, बऱ्याच आजारी. त्यांनी काहीतरी विचारलं, मला आता आठवतही नाही काय. साधंच असेल. पाणी हवं का, असं. मला उत्तरच देता येईना. त्या काय विचारतायत तेच मी शोधत बसले." ती थोडं हसली. "मग निघून आले."

मी इतकी वर्षं उमेदवार शिकवले. त्यातले कित्येक आज मोठ्या मंडळ्यांचे पाळक आहेत. चांगली प्रवचनं करतात. पेशंटजवळ बसता येणारी माणसं त्यात थोडी. सगळ्यांत चांगलं बसता येणारी जी होती, ती आता बसत नाही.

कॉलेजवाले मला अजून वर्षातून एकदा शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर बोलायला बोलावतात. मी त्यांना सांगतो, पेशंटने प्रश्न विचारला की उत्तर देण्याआधी त्यालाच विचारा, तुम्हाला नेमकं काय विचारायचंय? ते हे वहीत लिहून घेतात, कारण परीक्षेत येण्यासारखं आहे. मग कोणीतरी हात वर करतो आणि विचारतो, सर, आणि खरं सांगितलं तर घरचे रागावणार असतील, तेव्हा काय करायचं? मी त्यांना वॉर्डातली ती दुपार सांगतो, नावं न घेता. मुलं लक्ष देऊन ऐकतात. तिने बरोबरच केलं, असं बहुतेकांचं मत पडतं. शेवटी ते विचारतात, त्या ट्रेनीबाई आता कुठल्या मंडळीत आहेत? तेही मी खरं सांगतो. त्यानंतर त्या दिवशी कोणी प्रश्न विचारत नाही.